४२ अंशांवर थांबलेली केंद्रकं

'जेनेटिकल रिसर्च' या तेव्हा केंब्रिजहून निघणाऱ्या नियतकालिकाच्या डिसेंबर १९७५ च्या अंकात पान २३७ ते २५४ असा एक शोधनिबंध आहे. लेखक एकच, एन. रोनाल्ड मॉरिस, न्यू जर्सीतल्या रटगर्स मेडिकल स्कूलमधले. ॲस्परजिलस निड्युलान्स नावाच्या हिरव्या बुरशीत केंद्रकाचं विभाजन बिघडवणारी उत्परिवर्तनं, हा विषय. अठरा पानांत अशा ४५ उत्परिवर्ती वाणांची नोंद आहे. शास्त्रीय लेखनाच्या रिवाजाप्रमाणे भाषा कोरडी आहे आणि उद्गाराला कुठे जागा नाही. तरीही जनुकशास्त्रातलं जे काही मी वाचलं आहे, त्यात इतक्या घट्ट बांधणीचं आणि इतकं पुढचं पाहणारं लेखन मला फार थोडं भेटलं.

रसग्रहण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कविता येते. शोधनिबंधाकडे आपण निष्कर्षापुरते जातो. सारांश वाचायचा, आकडा उतरवून घ्यायचा, संदर्भसूचीत नाव टाकायचं आणि पुढे जायचं. काही शोधनिबंधांवर हा अन्याय आहे. त्यांत निष्कर्षाइतकीच, कधी त्याहून जास्त, गोडी विचाराच्या चालीत असते: प्रश्न कसा धरला, कुठे हात आखडता घेतला, कशाला नाव दिलं आणि कशाला दिलं नाही. मॉरिस यांचा निबंध त्या जातीचा आहे, म्हणून तो ओळीओळीने वाचायला हवा.

आधी ही बुरशी. निड्युलान्स मातीत राहते. तिच्या प्रत्येक कोनिडियात, म्हणजे अलैंगिक बीजाणूत, एकच केंद्रक असतं आणि त्या केंद्रकात आठ गुणसूत्रांचा एकच संच. जोडीचा दुसरा संच नसल्यामुळे एखादं जनुक बिघडलं तर त्या बिघाडाला आडोसा मिळत नाही, तो लगेच दिसतो. शिवाय दोन वाणांचं मीलन घडवून संतती तपासता येते आणि बीजाणूंचे पिवळे, पांढरे वाण खुणेसारखे वापरता येतात. या गुणांमुळे ग्विदो पॉन्टेकोर्व्हो यांनी तिला निवडलं. मुसोलिनीच्या वंशद्वेषी कायद्यांनी ज्यांना इटलीत थारा उरला नाही, अशांपैकी ते एक. पुढे ग्लासगोला स्थिरावून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बुरशीचं जनुकशास्त्र उभं केलं. १९५३ साली आलेला त्यांचा दीर्घ लेख या बुरशीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला वाचावा लागला.

त्याच ग्लासगोत अलिगढहून गेलेले ओबेद सिद्दीकी शिकले. त्यांनी निड्युलान्समधलं 'पाबा' हे एक जनुक घेतलं. ते बिघडलं की बुरशीला पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्ल स्वतः बनवता येत नाही, बाहेरून द्यावं लागतं. त्या एका जनुकाच्या पोटातली बारीक रचना सिद्दीकींनी उलगडली. त्यांचा निबंध १९६२ साली छापून आला, तोही याच 'जेनेटिकल रिसर्च'मध्ये. त्याच वर्षी होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईला आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. म्हणजे महाराष्ट्रातल्या रेण्वीय जीवशास्त्राची वंशावळ मागे नेली, तर ती कुलाब्याहून ग्लासगोला आणि तिथून या हिरव्या बुरशीपाशी पोचते. मॉरिस यांचा निबंध आपल्याकडे परका म्हणून वाचला जातो. तो तसा परका नाही.

विभाजनच बंद पाडणारं उत्परिवर्तन सांभाळायचं कसं, हा या निबंधापुढचा पहिला पेच होता. ज्या बुरशीचं केंद्रक दुभंगत नाही ती वाढत नाही. वाढली नाही तर तिचा वाण टिकत नाही, आणि वाण टिकला नाही तर अभ्यासायला उरतं काय? यावरचा उपाय म्हणजे तापमानावर अवलंबून असणारी उत्परिवर्तनं. जनुकातल्या एका छोट्या बदलाने प्रथिनातलं एखादं अमिनो आम्ल बदलतं. सौम्य तापमानाला ते प्रथिन कसंबसं आपला आकार धरून काम करतं, उष्णता वाढली की आकार मोडतो आणि काम थांबतं. म्हणून असा वाण ३२ अंशांवर सुखाने वाढवायचा, जपायचा, त्याचं मीलन करायचं, आणि प्रश्न विचारायची वेळ आली की ४२ अंशांवर न्यायचा. जनुकाला जणू कळ बसवल्यासारखं होतं.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला ४२ हा आकडा ओळखीचा आहे. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. न्यू जर्सीत ज्या तापमानासाठी इनक्युबेटर तापवावा लागला, ते इथे उन्हाळ्यात दुपारच्या हवेतच असतं. उलट, वाण ज्या ३२ अंशांवर जिवंत ठेवायचा त्यासाठी इथे थंडावा देणारा बीओडी इनक्युबेटर चालू राहायला हवा, आणि वीज गेली तर प्रयोग आपोआप सुरू होऊन बसेल. ही अडचण नोंदवतो, कारण निबंध वाचताना त्यातले आकडे आपल्या खोलीत आणून पाहिले तरच त्यांचं वजन कळतं.

आता निबंधाचा गाभा. वाढत्या निड्युलान्सची काचपट्टी कोणत्याही क्षणी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर फार थोडी केंद्रकं प्रत्यक्ष विभाजनात सापडतात. ३७ अंशांवर केंद्रकाचं एक चक्र साधारण दीड तासाचं, आणि त्यात सूत्री विभाजन जेमतेम पाच मिनिटांचं. म्हणजे शंभरातली पाचेक. या प्रमाणाला विभाजनाचा निर्देशांक म्हणतात. मॉरिस यांनी तो दोन खुणांवरून मोजला. गुणसूत्रं आटून घट्ट झाली आहेत का, ही एक. त्यांना दोन टोकांकडे नेणारा तर्कू उभा राहिला आहे का, ही दुसरी. मग वाण ४२ अंशांवर नेला आणि दोन्ही निर्देशांकांचं काय होतं ते पाहिलं.

घराच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसं मोजावीत, तसं हे मोजणं आहे. उंबरठ्यावरची संख्या घटत शून्याकडे गेली, तर आतून कुणी निघतच नाही. ती फुगत गेली, तर निघालेले सगळे उंबरठ्यावर अडकून पडले आहेत. दोन्ही घरांतून बाहेर कुणी पडत नाही, आणि बाहेर उभं राहून पाहणाऱ्याला दोन्ही घरं सारखीच बंद वाटतात. उंबरठा मोजणाऱ्यालाच फरक कळतो.

पेट्रीबशीत पाहिलं तर या सगळ्या वाणांची कथा एकच होती: ४२ अंशांवर वाढ नाही. मॉरिस यांनी त्या एका कथेच्या दोन कथा केल्या. विभाजन पुरं न करू शकणाऱ्या ३५ वाणांपैकी २६ वाणांत दोन्ही निर्देशांक एकत्र खाली आले. ही केंद्रकं विभाजनात शिरतच नाहीत. उरलेल्या ९ वाणांत दोन्ही निर्देशांक एकत्र वर चढले. ही शिरतात आणि आत अडकतात. 'एकत्र' या शब्दावर मला थोडं थांबायचं आहे. एकाच खुणेवर भिस्त ठेवली असती तर शंका उरली असती. गुणसूत्रं आटली नाहीत, पण तर्कू उभा राहिला, असंही होऊ शकतं, आणि मग ते विभाजनात शिरणं म्हणायचं की नाही, यावर वाद झाला असता. दोन वेगळ्या साक्षी एकाच दिशेने बोलतात तेव्हाच मॉरिस वाण वर्गात बसवतात. निबंधाचा सगळा भारदस्तपणा या संयमातून येतो. दोन रेषा, त्यांची दोनच वळणं, आणि त्यातून पेशीच्या जीवनातला सर्वांत नाजूक क्षण दोन बाजूंनी उजेडात येतो.

वर्गांना दिलेली नावंही याच चालीतून आली. पहिल्या २६ वाणांची जनुकं 'निम', म्हणजे नेव्हर इन मायटोसिस. पुढच्या ९ वाणांची 'बिम', म्हणजे ब्लॉक्ड इन मायटोसिस. त्या काळात लेलँड हार्टवेल यांनी किण्वाच्या पेशीचक्रातली उत्परिवर्तनं शोधली होती, आणि त्यांची नावं ठरावीक आद्याक्षरांपुढे क्रमांक लावत गेली होती. त्या यादीला जनुकशास्त्रात फार मोठं स्थान आहे आणि हार्टवेल यांना २००१ साली टिम हंट व पॉल नर्स यांच्यासह नोबेलही मिळालं. पण वाचक म्हणून मला मॉरिस यांची नावं उजवी वाटतात. त्या नावांत जनुक काय करतं याचा कसलाही दावा नाही. ते बिघडल्यावर डोळ्यांना काय दिसलं, तेवढीच नोंद आहे. १९७५ साली या जनुकांपैकी एकाचंही प्रथिन ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टीला नाव देताना लेखक किती सावध आहे, यावर मी त्याची पारख करतो, आणि मॉरिस त्या कसोटीला पूर्ण उतरतात. म्हणूनच पन्नास वर्षांत त्यांच्या नावांपैकी एकालाही खोटं पडण्याची पाळी आली नाही.

पुढे काय निघालं ते पाहिलं की हा संयम किती फळाला आला ते कळतं. निम-ए या जनुकाच्या एका वाणात ४२ अंशांवर केंद्रकं विभाजनाच्या ऐन तोंडाशी येऊन थांबतात. तापमान उतरवलं की काही मिनिटांत सगळी एकदम विभाजनात शिरतात. बर्ल ओकली आणि मॉरिस यांनी १९८३ साली हे दाखवलं. १९८८ साली स्टीफन ओस्मानी, रॉबर्ट पू आणि मॉरिस यांनी जनुकाचा क्रम वाचला, तेव्हा ते प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराचं, म्हणजे कायनेजचं जनुक निघालं. ते प्रमाणाबाहेर बनवलं तर केंद्रकाची तयारी नसतानाही गुणसूत्रं आटू लागतात. न उघडणारं दार आणि अवेळी उघडणारं दार, दोन्ही एकाच जनुकाच्या हातात. माणसाच्या पेशीत या घराण्यातली कायनेजं आहेत आणि त्यांचं कुलनाव अजून 'नेक' असंच आहे, म्हणजे निम-ए शी नातं सांगणारं. बिमच्या यादीतूनही असेच एकेक निघत गेले. बिम-सी हे तर्कू उभारणाऱ्या एका मोटर प्रथिनाचं जनुक ठरलं, बिम-जी हे फॉस्फेट काढून घेणाऱ्या विकराचं, आणि बिम-ई हे विभाजन संपवताना जुनी प्रथिनं मोडीत काढण्याची खूण लावणाऱ्या मोठ्या संकुलाचा एक भाग. बिम-सी च्या मानवी भावंडाला रोखणारी रसायनं पुढे कर्करोगाच्या औषधांच्या शोधात तपासली गेली.

उरलेल्या दहांपैकी सेप, म्हणजे सेप्टेशन, या वर्गात पाच वाण आहेत. त्यांच्यात कवकतंतूत आडपडदे उभे राहत नाहीत. हा भाग निबंधात गरजेचा आहे, पण वाचकाला त्यात फार रेंगाळावं लागत नाही.

रेंगाळायचं ते शेवटच्या वर्गापाशी. नड, म्हणजे न्यूक्लिअर डिस्ट्रिब्यूशन. इथेही पाचच वाण. यांच्यात विभाजन होतं. बीजाणू फुगतो, त्याला कोंब फुटतो, कोंब लांबतो, केंद्रकं दुभंगत राहतात. पण ती कोंबात पुढे सरकत नाहीत, बीजाणूच्या टोकाशी गोळा होऊन बसतात. विभाजनाच्या उत्परिवर्तनांवर लिहायला बसलेल्या लेखकाने हे पाच वाण बाजूला टाकले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हते. मॉरिस यांनी ते टाकले नाहीत. केंद्रक दुभंगणं वेगळं आणि केंद्रक योग्य जागी पोचणं वेगळं, वाढीला दोन्ही लागतात, एवढं नोंदवून त्यांनी त्यांना स्वतःचं नाव दिलं. माझ्या मते या निबंधातली सर्वांत मोलाची कृती हीच. प्रश्नाबाहेरचं सापडलं ते फेकलं नाही.

१९९४ साली नड-ए हे डायनीनचं जनुक निघालं. डायनीन म्हणजे सूक्ष्मनलिकांवरून ओझं वाहणारं प्रथिन. केंद्रक आपोआप तरंगत जात नाही, त्याला ओढून न्यावं लागतं, हे बुरशीत सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी नड-एफ चा क्रम वाचल्यावर तो माणसाच्या लिस-१ या जनुकाशी जुळला. लिस-१ दोनच वर्षांपूर्वी सापडलं होतं, आणि ज्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्या पडत नाहीत अशा मुलांमध्ये. गर्भाच्या मेंदूत नव्या चेतापेशी आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे सरकत जातात. लिस-१ बिघडलं की हा प्रवास अडतो, वळ्या तयार होत नाहीत आणि मेंदू गुळगुळीत राहतो. ज्या पाच वाणांना १९७५ साली कुणी फारसं विचारलं नसतं, त्यांनी वीस वर्षांनी बालरोगतज्ज्ञांना त्या आजाराचं यंत्र समजावून दिलं. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

वाढ आणि उत्परिवर्तन यांचं नातं मोजण्याची दुसरी एक चाल आपल्या पुण्यात दिसते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एम. व्ही. देशपांडे आणि त्यांचे सहकारी बेंजामिनिएला पॉइट्रासी या बुरशीवर वर्षानुवर्षं काम करत होते. ही बुरशी दोन रूपं घेते. ३७ अंशांवर ग्लुकोज असताना ती किण्वासारखी मुकुलनाने वाढते, आणि २८ अंशांवर लांब तंतू सोडते. त्यांनी एकाच रूपात अडकलेली उत्परिवर्तनं मिळवली आणि १९९२ साली 'जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी'त त्यांवरचा निबंध छापला. त्यांचं लक्ष ग्लुटामेट डीहायड्रोजनेज या विकराच्या दोन प्रकारांवर होतं. एक अमोनियापासून ग्लुटामेट घडवतो, दुसरा ग्लुटामेट मोडतो. त्यांना आढळलं ते असं की रूप बदलण्याशी कुठल्या एकाच्या प्रमाणाचा नव्हे, तर दोघांच्या परस्पर प्रमाणाचा संबंध आहे. मॉरिस विचारतात की वाढ नेमकी कुठे अडली. पुण्याचा निबंध विचारतो की वाढ कोणत्या तोलावर उभी आहे. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर कळतं की उत्परिवर्ती वाणाला प्रश्न कसा विचारावा, यालाही शैली असते. पुण्याच्या निबंधाची वाट जास्त अवघड आहे, कारण गुणोत्तराला बोट लावून दाखवता येत नाही. मॉरिस यांच्या निबंधातली चित्रमयता त्यात नाही. पण रोगकारक बुरशी माणसाच्या शरीरात शिरताना रूप बदलते तेव्हा काय होतं, हे समजून घ्यायला निरुपद्रवी बेंजामिनिएलावरचं हे काम फार उपयोगाचं आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने मॉरिस यांच्या निबंधाचा सर्वांत जवळचा धागा मात्र निबंधाच्या बाहेर, त्यांच्याच प्रयोगशाळेत पुढे विणला गेला. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. हरभऱ्याच्या मर रोगासाठी बीजप्रक्रियेत ते वापरलं जातं. बेनोमिल नावाचं त्याचं जवळचं भावंड पाण्यात विरघळून कार्बेन्डाझिमच बनतं. ही रसायनं बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनला चिकटतात. त्यामुळे सूक्ष्मनलिका उभ्या राहत नाहीत, आणि सूक्ष्मनलिका नाहीत तर तर्कू नाही, विभाजन नाही, वाढही नाही. फवारणी वर्षानुवर्षं चालू राहिली की ज्या बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिनमध्ये योग्य जागी बदल झाला आहे, ती टिकते आणि पसरते. प्रतिकार म्हणतात तो हा.

औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एल. व्ही. गंगावणे आणि सहकारी याच प्रश्नावर काम करत होते. ॲस्परजिलस फ्लेव्हसमधल्या बुरशीनाशक-प्रतिकारावरची त्यांची नोंद १९८१ साली नेदरलँड्समधल्या वनस्पतिरोगशास्त्राच्या नियतकालिकात आली. त्याच वर्षी ओकली आणि मॉरिस यांनी निड्युलान्समधल्या बेन-ए ३३ या वाणावरचा निबंध 'सेल'मध्ये छापला. बेन-ए हे नाव बेनोमिलवरून पडलं आहे. बेन-ए ३३ मध्ये बीटा-ट्युब्युलिन बदललेलं आहे. वाण बेनोमिलला दाद देत नाही, पण उष्णता वाढली की त्याची वाढ थांबते. त्यांनी पाहिलं तर सूक्ष्मनलिका तुटलेल्या नव्हत्या. उलट, त्या मोडत नव्हत्या. गरजेपेक्षा जास्त पक्क्या झाल्या होत्या, आणि पक्क्या नलिकांनी काम होईना. मग त्याच गरम तापमानाला त्यांनी सूक्ष्मनलिका मोडणारी विषं थोडी दिली, आणि वाढ परत आली. ज्या रसायनाने बुरशी मारायची त्यानेच ती जगवली.

बेन-ए ३३ वरच्या या निबंधाची बांधणी मला नाट्यमय वाटते, आणि ही नाट्यमयता कृत्रिम नाही, ती घटनेतच आहे. त्यातून वाढीविषयीचा एक मोठा विचार समोर येतो. वाढ म्हणजे नुसतं बांधणं नव्हे. बांधलेलं वेळेवर मोडताही आलं पाहिजे. शेतात प्रतिकार मोजणाऱ्या इथल्या संशोधकांच्या आणि प्रयोगशाळेत एकेक नलिका पाहणाऱ्या न्यू जर्सीकरांच्या हाती १९८१ साली एकाच प्रश्नाची दोन टोकं होती. ती दोन्ही टोकं एका पाठात आणून शिकवायला हवीत, कारण विद्यार्थ्याला शेताचं टोक आधीच माहीत असतं.

बेन-ए ३३ च्या उष्णतेतल्या दुबळेपणावर मात करणारी नवी उत्परिवर्तनं नंतर शोधली गेली. त्यांतलं एक मिप-ए या जनुकात निघालं. १९८९ साली सी. एलिझाबेथ ओकली आणि बर्ल ओकली यांनी 'नेचर'मध्ये तीन पानांत जाहीर केलं की मिप-ए एका अपरिचित ट्युब्युलिनचं जनुक आहे. तोवर अल्फा आणि बीटा ही दोनच ट्युब्युलिनं माहीत होती. तिसऱ्याला गॅमा म्हटलं गेलं. सूक्ष्मनलिका जिथून उगवतात तिथे ते बसलेलं असतं. पुढच्या दोन वर्षांत ते माशीत आणि माणसातही सापडलं. प्राण्यांच्या पेशीत जे तोवर नजरेतून निसटलं होतं, ते या बुरशीने हाती दिलं.

एवढं गुणगान केल्यावर उणीवही सांगायला हवी. मॉरिस यांच्या निबंधात वाढ म्हणजे केंद्रकाची वाढ, असाच अर्थ राहतो. बुरशीला याखेरीज आणखी एक मोठा निर्णय घ्यावा लागतो: तंतू पसरत राहायचं, की थांबून बीजाणू धरायचे. त्या निर्णयाची खबर या निबंधात नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या निड्युलान्सच्या बहुतेक वाणांत वे-ए १ नावाचं एक जुनं उत्परिवर्तन मुरलेलं आहे. वे-ए जनुकाच्या सुरुवातीच्या खुणेतलं एकच अक्षर त्यात बदललेलं आहे. मूळच्या निड्युलान्सला हिरवे बीजाणू धरायला उजेड लागतो, अंधारात ती लैंगिक पुनरुत्पादनाकडे वळते. वे-ए १ असलेली बुरशी अंधारातही बीजाणू धरते, आणि म्हणून ती संशोधकांना सोयीची पडली. मूनी आणि येगर यांनी १९९० साली या जनुकाचं उजेडाशी असलेलं नातं उघड केलं, तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं की आपण ज्याला मूळ वाण समजत होतो, तोच मुळात बदललेला होता. यात मॉरिस यांचा दोष नाही. पण त्यांच्या ४५ वाणांकडे पाहताना पायाखालच्या जमिनीचाही विचार वाचकाने करावा. पुढे वे-ए च्या अभ्यासातून वाढ, बीजाणू आणि विष तयार करणं ही तिन्ही कामं एकाच नियंत्रणाखाली कशी येतात ते कळलं. निड्युलान्स स्टेरिग्मॅटोसिस्टिन हे विष तयार करते, आणि फ्लेव्हसच्या अफ्लाटॉक्सिनकडे जाणारी वाट त्याच रेणूवरून जाते. शेंगदाण्याच्या आणि मक्याच्या साठवणुकीशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

उणीव धरूनही माझं मत स्पष्ट आहे. मॉरिस यांचा १९७५ चा निबंध बुरशीच्या जनुकशास्त्रातला सर्वोत्तम निबंध आहे, आणि विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राच्या पहिल्या पंक्तीत त्याची जागा आहे. त्याला मिळायला हवी तेवढी कीर्ती मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं. किण्वाची यादी पाठ्यपुस्तकांत गेली, निम आणि नड मात्र अजून तज्ज्ञांपुरते राहिले.

आपल्या शहरात वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. विद्यापीठात, शासकीय विज्ञान संस्थेत, नागसेनवनातल्या मिलिंद विज्ञान महाविद्यालयात, देवगिरीत, जिथे एम.एस्सी.चे वर्ग भरतात तिथे या निबंधासाठी एक तास द्या. फळ्यावर २६, ९, ५, ५ एवढेच आकडे लिहा. दोन निर्देशांकांच्या वर-खाली जाणाऱ्या रेषा काढा आणि कोणत्या वाणात काय अडलं असेल ते विद्यार्थ्यांना ओळखू द्या. प्रथिनांची नावं शेवटी सांगा. ज्यांना पुढे जाऊन हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल त्यांच्यासाठी निड्युलान्सच्या उत्परिवर्ती वाणांचा मोठा साठा अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या फंगल जेनेटिक्स स्टॉक सेंटरमध्ये जपून ठेवलेला आहे, आणि तिथून संशोधनासाठी वाण मागवता येतात.